फितीचं दुसरं टोक

संग्रहालयात चित्रांकडे सगळ्यात कमी कोण बघत असेल, तर त्यांची राखण करणारी माणसं. आम्ही लोकांच्या हातांकडे बघतो. हात खिशात आहेत, पाठीमागे बांधलेत, की चित्राच्या दिशेनं निघालेत. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायला सांगायची, मुलांना पळू द्यायचं नाही, आणि उरलेला सगळा वेळ टॉयलेट कुठे आहे ते सांगायचं. जर्मनीत, कार्ल्सरूहेत मी काही वर्षं हे काम केलं. त्याआधी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवत होते, त्यामुळे आईला फोनवर मी फक्त "म्युझियममध्ये असते" एवढंच सांगितलं होतं. आईनं त्याचा घ्यायचा तो अर्थ घेतला आणि सगळ्या सोसायटीत सांगूनही टाकला. मी दुरुस्त करायला गेले नाही.

काम नवऱ्यानं शोधलं होतं. आमची मुलगी वेळेच्या फार आधी जन्मली आणि बारशाच्या आधीच गेली. त्यानंतर मी घरात बसून भिंतींशी भांडायला लागले होते. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, सकाळी गेला की संध्याकाळी येणार, आणि आला की मी दिवसभर साठवलेलं त्याच्या अंगावर ओतणार. त्याच्या ऑफिसातल्या कुणाची तरी बायको संग्रहालयात काम करायची. त्यानं मला न विचारता तिचा नंबर आणला आणि फ्रिजवर चिकटवून ठेवला. पुढचे कित्येक दिवस दूध काढताना तो नंबर बघून मी चिडत होते, आणि एका सकाळी वैतागून फोन केला.

मला बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरचं टोकाचं दालन मिळायचं. तिथे फारसं कुणी फिरकत नसे. भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांची चित्रं होती, सगळ्यांच्या हनुवट्या सारख्या. आणि समोरच्या भिंतीवर एकटंच एक मोठं तैलचित्र, अठराव्या शतकातलं. आमच्याच गावातला राजवाडा आणि त्याच्या पुढची बाग. चित्रकार कोण ते कुणालाच माहीत नव्हतं.

राजवाडा आजही तसाच आहे. फिकट पिवळा, मागे उंच मनोरा, दोन्ही बाजूंचे भाग तिरपे पुढे आलेले. मनोऱ्यापासून रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे गावात पसरतात. चित्रात त्यातले काही रस्ते दिसायचे, दोन्ही कडांना कातरलेली झाडं, आणि मधे बागेत फिरायला आलेली माणसं. काठी घेतलेले गृहस्थ होते, छत्र्या घेतलेल्या बायका होत्या, ढकलगाडी घेतलेला माळी होता. कुणाचाच चेहरा नीट काढलेला नव्हता. चित्रकाराला इमारतीत रस होता, माणसं त्यानं बाग रिकामी दिसू नये म्हणून घातली असावीत. फक्त एक चेहरा त्यानं मन लावून काढला होता.

तो होता अगदी खाली, डाव्या कडेशी. नुकतं चालायला लागलेलं एक मूल. अंगात लांब झगा, डोक्याला कानांवरून घट्ट बांधलेलं पांढरं टोपडं. मुलगा की मुलगी ते कळत नाही, कारण त्या काळी मुलग्यांनाही झगेच घालत. तोंड वर करून ते चित्राच्या बाहेर बघत होतं. त्याच्या झग्याच्या खांद्यांना दोन लांब फिती शिवलेल्या होत्या. मूल पडू नये म्हणून मोठ्या माणसानं मागून धरायच्या त्या फिती. त्या ताणलेल्या होत्या आणि डावीकडे जाऊन चौकटीपाशी संपत होत्या. धरणारं कुणी नव्हतं.

शाळांचे आणि पेन्शनरांचे गट घेऊन एक वयस्कर मार्गदर्शक बाई यायच्या. त्या सांगायच्या की पूर्वी कधीतरी हे चित्र दोन खिडक्यांच्या मधे बसवायचं होतं, बसेना, म्हणून मालकानं डावीकडची एक पट्टी सरळ कापून टाकली. फिती धरणारी व्यक्ती पट्टीबरोबर गेली. आई असेल, दाई असेल, आता कळायला मार्ग नाही. एवढं सांगून त्या गटाला पुढच्या चित्राकडे न्यायच्या.

माझी उभं राहायची जागा चित्राच्या डाव्या अंगाला होती. तिथून दोन्ही दारं दिसायची. एकदा गटातले एक गृहस्थ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "फिती तर ह्या बाईंच्या हातात आहेत." सगळे हसले. मीही हसले, पाहुण्यांच्या विनोदाला हसणं कामातच धरलेलं असतं. गट गेल्यावर मी माझ्या हातांकडे बघितलं. ते कधी कुणास ठाऊक मी पुढे घेतले होते आणि मुठी मिटलेल्या होत्या.

आता मुलीबद्दल सांगायला हवं.

हॉस्पिटलात ती काचेच्या पेटीत होती. डॉक्टर, नर्स सगळ्यांनी जिवापाड केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दिवसातून थोडा वेळ नर्स तिला नळ्यांसकट उचलून माझ्या छातीवर ठेवायची. सासूबाई रोज फोन करायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बारसं होईपर्यंत फोटो काढू नका रे, आणि नावानं हाक मारू नका." नाजूक जीव, नजर लागते. सासूबाई वाईट नाहीत. त्या तिकडे देव पाण्यात घालून बसल्या होत्या, आणि इतक्या लांबून त्यांना देण्यासारखं तेवढंच होतं. आम्ही दोघं शिकलेली माणसं, एरवी असल्या गोष्टींना हसलो असतो. पण काचेच्या पेटीसमोर उभं राहिलं की माणूस कशालाही हसत नाही. आम्ही फोटो काढला नाही. नाव तर ठेवायचा प्रश्नच नव्हता.

ती गेली तेव्हा नर्सनं विचारलं, आठवण म्हणून एक फोटो काढून देऊ का. इथे तशी पद्धत आहे, फोटो काढणारी माणसंही असतात. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. गेलेल्या बाळाचा फोटो कुणी काढतं का, असंच तेव्हा वाटलं, आणि नवऱ्यालाही तेच वाटलं असणार. नोंदणी करायला गेलो तिथल्या बाईंनी नाव विचारलं. नवरा म्हणाला, "अजून ठेवलेलं नाही." त्याचं 'अजून' ऐकून त्या बाईंनी मान वर करून बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

एवढ्या लहान बाळाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. इथेही पुरलं. त्या एका गोष्टीत दोन्ही देशांचं एकमत झालं. दफनभूमीत, म्हणजे इथल्या फ्रीडहोफमध्ये, लहान मुलांचा वेगळा कोपरा आहे. छोटे छोटे दगड, त्यांवर नावं, काड्यांना लावलेली भिरभिरी, पावसात भिजून फुगलेली कापडी अस्वलं. आमच्या जागी लाकडाची खुंटी होती आणि खुंटीवर नंबर. शेजारच्या बाळाची आई येऊन त्याच्याशी बोलायची, नावानं हाक मारून त्याला घरातल्या गोष्टी सांगायची. मी उभी राहायचे. नंबराला हाक कशी मारणार?

आणि नाव तर होतं. मला जाळत होतं ते हेच.

नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यात घातलेल्या बाळाच्या कानाशी वाकून ती कुर्र करते आणि मग नाव सांगते, आणि तोवर ते गुपित ठेवण्यातच तिची सगळी मजा असते. माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, आम्हा दोघांची ताई, तासाभरावरच्या त्सुफेनहाउझेनला राहते. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, हाताखाली जर्मन पुरुष आहेत आणि ते तिला घाबरतात. मी गरोदर असताना ती दर शनिवारी गाडीनं यायची आणि मला चिडवायची. "विचारू नकोस, सांगणार नाही. डायरेक्ट कानात." मी लाडीगोडी लावून पाहिली, नवऱ्याला पुढे घातलं, तिला उकडीचे मोदक करून खाऊ घातले. ती मोदक खाऊन गेली, नाव सांगितलं नाही.

मुलगी गेल्यावर ताई त्या विषयावर कधीच बोलली नाही. भाऊबीजेला यायची, भावाला ओवाळायची, सगळ्यांशी हसून बोलायची, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकट्या उरलो की नळ सोडून भांडी घासत बसायची. नळाच्या आवाजात बोलता येत नाही, हे तिलाही माहीत होतं. मी मनाशी पक्कं केलं की ती नाव दाबून बसली आहे. सासूबाईंनी तिला सांगितलं असणार, बारसं न झालेल्या जिवाचं नाव उच्चारायचं नाही, उच्चारलं की ते अडकतं, येरझाऱ्या घालतं. म्हणून ही गप्प. माझ्या मुलीची एकच वस्तू या जगात उरली होती आणि ती नणंदेच्या तोंडात होती. मी तिचा इतका राग केला, की तिनं आणलेले ब्रेडसुद्धा मला कडू लागायचे.

दालनात कुणी नसलं की मी नावं म्हणून बघायचे. हे नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. आधी मनात, मग ओठांत. आपल्याकडची मुलींची जेवढी म्हणून नावं आठवतील तेवढी. खरं नाव कानावर पडलं की आपल्याला कळेल, अशी माझी खात्री होती. आणि ती नावं म्हणताना मी बघायचे त्या चित्रातल्या मुलाकडे. दुसरं बघण्यासारखं होतंच कोण? त्या हनुवट्यावाल्या राजांकडे बघून मुलीचं नाव थोडंच आठवणार? ते मूल तोंड वर करून माझ्याकडेच बघायचं. हळूहळू मी त्याच्याबद्दल 'ती' असा विचार करायला लागले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण घडलं ते घडलं. एका दुपारी, बाहेर बर्फ पडून गेलं होतं आणि दालनात सगळीकडे पांढरा उजेड भरला होता. मी एक नाव म्हटलं. कोणतं ते आता आठवत नाही, तेव्हाही लगेच विसरले. मग चित्राकडे बघितलं तर फिती सैल होत्या. ताणलेल्या नव्हत्या, मधे झोल पडला होता, जसा मूल एक पाऊल मागे आल्यावर पडेल. मी जवळ गेले. झोल होता. शेजारच्या दालनातल्या सहकारी बाईला बोलावून आणलं. तिनं चष्मा लावून बघितलं, म्हणाली, "हो, हो. नेहमीसारखंच आहे की." आणि माझ्या दंडावर हात ठेवून मला खुर्चीवर बसवलं. आम्हाला बसायची परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी फिती पुन्हा ताणलेल्या होत्या. त्या दिवसापासून दालनात शिरताना मी आधी फिती बघायचे, मग दिवे लावायचे.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन राजवाड्यापुढच्या बागेत जायला लागले. चित्र कुठे उभं राहून काढलं असेल ते शोधत होते. मनोरा आणि डावीकडचा भाग यांच्यातलं अंतर चित्रात जेवढं दिसतं तेवढं जिथून दिसेल, ती जागा. ती सापडायला वसंत ऋतू उजाडला. मग तिथून डावीकडे, मूल जिथे असेल तिथून थोडं पलीकडे, कापून टाकलेल्या पट्टीत जी जागा असेल, तिथे मी जाऊन उभी राहिले. साधं गवत होतं. बाजूला विद्यार्थी चादरी टाकून पडले होते, एक मुलगा चेंडू हवेत फेकून झेलत होता, कुणीतरी सॉसेज खात होतं. काही म्हणजे काही झालं नाही. मी हायसं वाटून डबा उघडायला गेले, तर माझा उजवा हात वरच होता, चालायला शिकणाऱ्या मुलामागून आपण धरतो तसा. आणि खांदा दुखत होता, खूप वेळ धरून अवघडल्यासारखा. मी डबा तसाच घेऊन परत गेले. हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं फ्रिजवर आणखी एखादा नंबर चिकटवला असता.

अशात नवऱ्याला लांब रेगेन्सबर्गला नोकरी मिळाली. चांगली, त्याला हवी तशी. त्यानं भीत भीतच सांगितलं. मी पोळ्या लाटत होते.

"मी येणार नाही," मी म्हटलं.

"अगं, तुला तिथेही काम मिळेल. म्हणजे, मी चौकशी केलीय."

"कामाचं नाही. तिला इथे टाकून मी येणार नाही."

"टाकून कुठे? येऊ की आपण. दर महिन्याला येऊ. फ्रीडहोफ काय पळून जातंय?"

"येऊन काय करायचं? नंबराला हाक मारायची? बिननावाच्या पोरीला परक्या गावात सोडून कुणी जातं का? हाक मारायला नाव दे, मग कुठे म्हणशील तिथे येते."

त्यानं गॅस बारीक केला. "मग आपण ठेवू या ना नाव. तू ठेव. छानसा दगड करून घेऊ."

"ठेवलेलं आहे," मी म्हटलं. "तुझ्या बहिणीला विचार."

त्याला धक्का बसला. इतकी वर्षं मी हे मनात धरून आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तो पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेरच्या खोलीत गेला आणि फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून. त्यानं सरळ विचारलं, "ताई, बाळाचं नाव काय ठरवलं होतंस?" पोळी करपली. मग ताई म्हणाली, "मी येते. तिच्या कामावरच येते. घरी नको."

ती आठवड्याच्या मधल्याच एका दुपारी आली. सुट्टी काढून आली होती. दारातच तिनं स्वतःहून पर्स पोटावर घेतली आणि हात पाठीमागे बांधले, शाळेतून आणलेल्या मुलीसारखे. कारखान्यात लोकांना घाबरवणारी बाई, माझ्यासमोर येताना तिची मान खाली होती. दालनात एक म्हातारे गृहस्थ तेवढे होते, राजांच्या हनुवट्या बघत. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. समोर चित्र होतं.

"हे का तुझं चित्र?"

"माझं कसलं? मी राखते."

"सुंदर आहे." ती बराच वेळ राजवाड्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, मी नाव ठरवलंच नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "सांगा ना ताई, आईंना नाही कळणार."

"आईचा काही संबंध नाही. खरंच नव्हतं ठरवलं. तुला चिडवत होते नुसती. मला वाटायचं, बाळ बघितलं की सुचेल. तोंड न बघता नाव कसं ठेवायचं? मग ती अचानक आली, आणि मला सर्दी झाली होती, सर्दीवाल्यांना त्या वॉर्डात सोडत नव्हते. म्हटलं, बरी झाले की जाते. रोज स्टेशनपर्यंत यायचे आणि शिंक आली की परत जायचे." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी तिला बघितलंच नाही गं. तुला काय तोंडानं सांगणार होते? नाव नाही म्हणून?"

मला तिचा गळा धरावासा वाटला. पण दालनात कॅमेरे होते आणि राखणदार मीच. इतकी वर्षं मी ज्या दाराशी बसून होते त्याच्या आत खोलीच नव्हती. मी शेकडो नावं म्हटली, त्यातलं एकही चुकीचं नव्हतं आणि एकही बरोबर नव्हतं. ताईनं माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला, तिनं पुन्हा धरला.

"कशी होती ती?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मला तोवर कुणीही विचारलेला नव्हता. वजन किती होतं हे विचारलं होतं. डॉक्टर काय म्हणाले, पुढचा विचार काय, हे सगळ्यांनी विचारलं होतं. ती कशी होती, हे माझ्या आईनंसुद्धा विचारलं नाही, मला त्रास होईल म्हणून. माझा राग एकदम ओसरला आणि मी सांगायला लागले. भराभर सांगत होते, जणू ताईला गाडी पकडायची होती.

"चेहरा गोल होता. कपाळ मोठं. गाल इथे वर लालसर, आणि खालचा ओठ जरा पुढे. हनुवटीला बारीकशी खळी. आणि डोळे, ताई, इतके मोठे, करडे..."

"करडे?" ताई म्हणाली.

मी थांबले. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग माझी नजर जिथे होती तिथे पाहिलं, चित्राच्या डाव्या कडेशी. मग परत माझ्याकडे. "अगं," ती म्हणाली, "हा तर चित्रातल्या मुलाचा चेहरा झाला."

तो क्षण मला अजून झोपेतून उठवतो. मी डोळे मिटून माझ्या मुलीचा चेहरा शोधला आणि तो तिथे नव्हता. टोपड्यातलं ते गोल तोंड होतं. पेटीत तेच होतं, माझ्या छातीवर तेच होतं, पुरताना पांढऱ्या कापडात तेच होतं. वेळेआधी आलेल्या बाळाला लालसर गाल कुठून असणार? तिनं धड डोळेही उघडले नव्हते. मी हे सगळं जाणत होते आणि तरी मला दुसरा चेहरा आठवेना. फोटो नाही, कुणाला कधी सांगितलेलं नाही. रोज जे समोर दिसलं ते येऊन त्या जागेवर बसलं होतं. राखायला मला बसवलं होतं आणि माझीच चोरी झाली होती.

"तिकडे बघू नकोस," ताई म्हणाली. तिनं माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला फिरवलं. माझी पाठ चित्राकडे झाली आणि तोंड कोऱ्या भिंतीकडे. "आता सांग. काहीही सांग. एवढंसं काही असलं तरी सांग."

मी खूप वेळ भिंतीकडे बघत राहिले. म्हातारे गृहस्थ आमच्याकडे बघत आहेत हे मला पाठीला कळत होतं. चेहरा आला नाही. पण छातीवर ठेवलेलं बाळ आईला समोरून दिसत नाही, ते फक्त वरून दिसतं. मला कान आठवला.

"कान," मी म्हटलं. "उजवा कान. माझ्या हनुवटीखाली यायचा. त्याच्यावर बारीक काळी लव होती, कडेपर्यंत. आणि इतका मऊ होता की दुमडला तर तसाच राहायचा. मी बोटानं सरळ करायचे. पुन्हा दुमडायचा, पुन्हा सरळ करायचे."

ताई रडत होती. आवाज न करता, पाठ ताठ ठेवून. मी रडत नव्हते, मला तो कान सुटेल अशी भीती वाटत होती. मग तिनं पर्समधून रुमाल काढून तोंड पुसलं, माझ्याजवळ आली, माझे केस बाजूला केले आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून कुर्र केलं. अगदी रीतीनं, लांबलचक. आणि एक नाव सांगितलं.

मी ते कधीच म्हणून पाहिलेलं नव्हतं. चांगलं नाव आहे. इथे लिहिणार नाही.

बारशात आत्यानं नाव सांगितलं की भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तिथे बाई मी एकटीच होते. मी हात उचलला आणि ताईच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग आणखी एक, आणि मग मला थांबता येईना. ती खाली मान घालून उभी राहिली आणि मला मारू दिलं. म्हातारे गृहस्थ लगबगीनं आले आणि विचारायला लागले, पोलिसांना बोलावू का. ताई त्यांना म्हणाली, "नको, नको. आम्ही घरातल्याच आहोत."

दगड करून घेतला. खुंटी काढून तो बसवला तेव्हा ताई, नवरा आणि मी होतो. सासूबाईंना कळवलं. त्या फोनवर म्हणाल्या, "मीच सुचवणार होते हे नाव ताईला. राहिलं." खरं खोटं कोण जाणे, पण त्यांना तसं वाटू दिलं. काम सोडताना मी त्या दालनात शेवटची गेले नाही. चाव्या खालीच दिल्या.

एकदा रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं होतं, तुला तिचा चेहरा आठवतो का. तो ताटाकडे बघत म्हणाला, "मला नळ्या आठवतात."

रेगेन्सबर्गला आता आम्ही रुळलो आहोत. दर महिन्याला जमत नाही, पण जातो. मी हाक मारते. तिथे जाऊन मारते आणि इथेही मारते, कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना. नाव तिचंच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हाक ऐकून जे तोंड वर होतं, ते चित्रातलं असतं. टोपडं कानांवर घट्ट बांधलेलं, डोळे करडे. ते माझ्याकडे बघतं आणि त्याला माझी ओळख पटत नाही. मी पुन्हा हाक मारते.